तळ्यातल्या माशांना जखमा कोण करतंय? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या महिन्यात आलेली बरीच पत्रं घरच्या तळ्यातल्या, हौदातल्या जखमी माशांबद्दल होती, म्हणून यावेळी कुंड्या आणि खतांचे प्रश्न पुढच्या अंकात घेते आणि सगळी जागा माशांना देते.

प्रश्न : मॅडम नमस्कार, मी साताऱ्याहून लिहितोय, शाळेतून रिटायर होऊन सहा वर्षं झाली. घरामागे दहा बाय सहा फुटांचं सिमेंटचं तळं बांधलंय, खोली अडीच फूट. त्यात चार कोई, सात गोल्डफिश, गप्पी तर मोजता येणार नाहीत इतके, आणि शेवाळ खायला म्हणून तीन वर्षांपूर्वी दुकानातून बोटाएवढे दोन सकर मासे आणले होते ते आहेत. दिवाळीत मुलगा आला होता तेव्हा आम्ही दोघांनी तळं रिकामं करून ब्रशने घासून चकाचक केलं, फिल्टरचा स्पंज पण नळाखाली धुतला आणि नवीन पाणी भरलं. त्यानंतर आठ-दहा दिवसांनी मोठ्या लाल-पांढऱ्या कोईच्या कुशीवर रुपयाच्या नाण्याएवढा फिकट डाग दिसला, तिथले खवले गेलेले. मग दुसरीला. आता तीन कोई आणि दोन गोल्डफिशना असे डाग आहेत आणि परवा त्यातली एक गोल्डफिश मेली. नातीने तिचं नाव बुंदी ठेवलं होतं, फोनवर खूप रडली. आमच्या आंब्यावर रोज सकाळी ढोकरी येऊन बसते म्हणून मी वरून नायलॉनची जाळी टाकली, कडेने विटा ठेवल्या, तरी नवीन जखमा होताहेतच. शेजारी म्हणतात मांजराचं काम आहे, मिसेस म्हणतात पाण्यातच काहीतरी आहे, दुकानदार म्हणतो निळं औषध टाका. मी नेमकं कोणाचं ऐकू?

उत्तर : काका, तुमचं पत्र वाचून मी तुम्हाला लगेच फोन केला होता कारण अंक छापून यायची वाट बघितली असती तर अजून दोन-तीन मासे गेले असते. आता आपलं जे बोलणं झालं ते इथे सविस्तर लिहिते, कारण अशीच अडचण असलेले बरेच जण आहेत.

पहिली गोष्ट, काकू बरोबर आहेत. जाळी टाकल्यावरही जखमा चालूच राहिल्या म्हणजे जखमा करणारा जाळीच्या आत आहे, हे तुमच्याच पत्रात लिहिलंय. ढोकरीचा राग मनातून काढून टाका. ढोकरी म्हणजे आपला भुरा बगळा, काही जण वंचक म्हणतात, तो उथळ पाण्याच्या कडेला दगडासारखा उभा राहतो आणि चोच मारतो. मासा गिळता येण्यासारखा असेल तर उचलून गिळूनच टाकतो, मग तुम्हाला जखम दिसत नाही, मासाच दिसत नाही. मासा मोठा निघाला आणि चोचीतून निसटला तर पाठीवर किंवा डोक्यामागे खोल भोसकल्यासारखी खूण असते, बऱ्याचदा दोन्ही बाजूंना एकेक, कारण चोचीची दोन पाती दोन बाजूंनी लागतात. तुमच्या कोईंना गोल, उथळ, फिकट डाग आहेत, पाठीला काही नाही, सगळे कुशीला. चोचीने गोल डाग पडत नाही. खंड्यासुद्धा नाही, त्याला बोटभर मासा लागतो, सात-आठ इंची कोईच्या वाटेला तो जाणार नाही.

मांजराचं काम असतं तर ते तुम्हाला तळ्याच्या काठावरच दिसलं असतं. ओल्या पंजांच्या खुणा, काठावर सांडलेले खवले, कधी अर्धा खाल्लेला मासा विटांच्या मागे. आणि मांजराची नखं लागली की दोन-तीन समांतर ओरखडे असतात, पाठीवर किंवा शेपटीजवळ, कारण मासा पळायला वळतो तेव्हा त्याच जागा वर येतात. तरी खात्री करायची असेल तर मी स्वतः वापरते ती युक्ती सांगते, रात्री झोपण्याआधी तळ्याच्या सगळ्या काठावर रांगोळी चाळून पातळ पसरायची, हातभर रुंद पट्टा. सकाळी उजाडताच जाऊन बघायचं. मांजराचा पंजा गोल, चार बोटं, नखांचा ठसा नाही. मुंगसाच्या पंजाला नखं स्पष्ट दिसतात. बगळ्याची तीन लांब बोटं पुढे आणि एक लांब मागे, रांगोळीवर फार सुंदर उमटतात. तुम्ही फोनवर सांगितलंत की दोन रात्री राख पसरून बघितली आणि फक्त खारीची पावलं होती. म्हणजे बाहेरचं कोणी नाही.

मग आत कोण? कोई आणि गोल्डफिश एकमेकांना चावत नाहीत, त्यांच्या तोंडात दातच नसतात, दात घशात असतात, खाणं चिरडायला. एकच वेळ अशी असते जेव्हा ते एकमेकांना जखमी करतात, ती म्हणजे अंडी घालायच्या दिवसांत, नर मादीच्या मागे लागून तिला भिंतीवर, कुंडीवर ढकलतात आणि तिचे खवले निघतात. पण ते पहाटे उघड्यावर चालतं, पाण्यात नुसता गोंधळ असतो, आणि मार फक्त मादीला बसतो. गोल्डफिशच्या नराच्या कल्ल्यांच्या झाकणावर त्यावेळी पांढरे बारीक टिपके येतात त्यावरून ओळखता येतं. तुमच्याकडे पाच वेगवेगळ्या माशांना एकाच आकाराचे डाग आहेत, तेव्हा हेही नाही.

राहिले ते दोन सकर मासे ज्यांचा तुम्ही पत्रात एका ओळीत उल्लेख करून पुढे गेलात. मी फोनवर विचारलं आता केवढे झालेत तर तुम्ही म्हणालात, बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत. काका, तेच आहेत.

दुकानात हा मासा टाकी साफ ठेवणारा म्हणून विकतात, दोन इंचाचा असतो, काचेला तोंड चिकटवून बसलेला असतो, मुलांना गंमत वाटते. मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आणि जो आपल्याकडे सर्रास विकला जातो तो दीड फुटापर्यंत सहज वाढतो. लहान असताना तो खरंच शेवाळ खातो. मोठा झाला की त्याची भूक वाढते आणि शेवाळ तेवढंच राहतं, शिवाय तो रात्री फिरणारा प्राणी आहे. कोई आणि गोल्डफिश रात्री तळाशी जवळजवळ न हलता पडून असतात, रुंद, चपटी कूस, तिच्यावर बुळबुळीत थर, आणि तो थर म्हणजे प्रोटीन. सकर येऊन त्या कुशीला तोंड लावतो, खरवडतो, आधी तो थर जातो, मग खवले निघतात, मग खालची कातडी लाल होते. त्याचं तोंड गोल असतं म्हणून डागही गोल. गप्पी चपळ आणि बारीक, त्यांना तो चिकटूच शकत नाही, म्हणून तुमच्या इतक्या गप्पींपैकी एकालाही काही झालेलं नाही.

आणि दिवाळीपासूनच का सुरू झालं? तर तुम्ही दिवाळीत भिंती ब्रशने घासल्यात. तीन वर्षं ज्या शेवाळावर ते दोघं जगत होते ते एका दुपारी सगळं धुऊन गेलं. तुम्ही प्रेमाने साफ केलंत, तळं आरशासारखं दिसलं असेल, पण त्यांच्यासाठी घरातला डबा रिकामा झाला. आठ-दहा दिवस त्यांनी कसेबसे काढले आणि मग कोईंकडे वळले. तुमच्या तारखा त्याच्याशी तंतोतंत जुळतात.

तरीही मी तुम्हाला म्हटलं की माझ्यावर विश्वास ठेवून लगेच काही करू नका, डोळ्यांनी बघा. टॉर्चला लाल जिलेटीन पेपर रबरने बांधा, पांढऱ्या झगझगीत उजेडाने सकर लगेच कुंडीमागे जातात. रात्री अकराला एकदा आणि पहाटे तीनला एकदा, स्वेटर घालून, खुर्ची टाकून दहा मिनिटं गप्प बसायचं, पाण्यावर आपली सावली पडू द्यायची नाही. तुम्ही आणि काकू दोघंही बसलात आणि पहिल्याच रात्री पावणेबाराला तुम्हाला दिसलं ते तुम्ही मला व्हिडिओ करून पाठवलंत. मोठी कोई तळाशी लिलीच्या कुंडीला टेकून आहे आणि तो काळपट सकर तिच्या कुशीला आडवा चिकटलाय, कोई एकदा अंग झटकते, तो सुटतो, अर्धा फूट मागे जातो आणि परत येतो, परत त्याच जागी. मी तो व्हिडिओ तीनदा बघितला आणि मला त्या कोईचं फार वाईट वाटलं, कारण हे ती गेले तीन आठवडे रोज रात्री सहन करत होती आणि दिवसा आपल्याला वाटत होतं सगळं शांत आहे.

आता उपाय. दोन्ही सकर आजच्या आज वेगळे करा, मोठ्या प्लास्टिकच्या टाकीत, त्याच तळ्याचं पाणी घालून आणि वर झाकण ठेवून कारण ते उडी मारतात. पकडताना जाळी वापरली तर त्यांच्या परांचे काटे जाळीत अडकतात आणि ओढलं तर मोडतात, म्हणून ओला टॉवेल किंवा रुंद टोपलं बरं. त्यांना रोज रात्री काकडीची किंवा अर्धवट उकडलेल्या दुधीची फोड दगडाला बांधून द्या, बुडणाऱ्या गोळ्या मिळतात त्या द्या, एक लाकडाचा ओंडका ठेवा, त्यावर ते खरवडत बसतात. त्यांनी जे केलं ते भुकेपोटी केलं, त्यांच्यावर राग धरू नका. दुकानदार परत घेत असेल तर द्या, नाहीतर कोणाकडे मोठी वेगळी टाकी असेल त्याला द्या.

पण कृष्णेत किंवा वेण्णेत सोडू नका, माहुलीच्या संगमावर तर नाहीच. हे मी कळकळीने सांगते कारण पुष्कळ लोक माशाला जीवदान म्हणून हेच करतात. हा मासा आपल्या नद्यांतला नाही, त्याच्या अंगावर हाडांच्या प्लेटचं चिलखत असतं त्यामुळे मोठा झाल्यावर त्याला खाणारं फारसं कोणी नसतं, काठाच्या मातीत बिळं करून अंडी घालतो. आंध्रात, केरळात, बंगालमध्ये तो नद्या-तळ्यांत शिरलाय आणि तिथल्या मच्छीमारांची जाळी फाटतात, जाळ्यात चांगल्या माशाऐवजी हाच येतो आणि त्याला कोणी विकत घेत नाही.

दुसरं, जो सापडला त्याच्यावर थांबू नका, पाणी पण तपासा. तुम्ही फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतलात, नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि स्पंजमध्ये माशांची घाण पचवणारे जे बॅक्टेरिया असतात ते त्याने मरतात. मग अमोनिया साठतो, माशांची कातडी आणि कल्ले चुरचुरतात, मासा मलूल होतो आणि मलूल मासा रात्री अंग झटकून देत नाही. ॲक्वेरियमच्या दुकानात अमोनियाची टेस्ट किट मिळते, शून्य यायला हवं. तुमचं हिरवट आलं म्हणजे थोडा आहे. रोज पाव तळं पाणी बदला, नवीन पाणी एक दिवस ड्रममध्ये उघडं ठेवून किंवा क्लोरीन मारणारे हायपोचे खडे टाकून, खाणं आठवडाभर निम्मं करा, आणि यापुढे स्पंज धुवायचा तो तळ्यातल्याच पाण्याच्या बादलीत पिळून. भिंतींचं शेवाळ पण एकाच वेळी सगळं काढू नका, थोडं हिरवं राहिलेलं पाण्याला चांगलंच असतं.

जखमी माशांना निळं औषध लागणार नाही. खडा मीठ घ्या, हजार लिटरला तीन किलो हे प्रमाण आहे, तुमच्या तळ्यात साधारण चार हजार लिटर पाणी बसतं म्हणजे बारा किलो झालं, पण लिलीला ते सोसणार नाही. त्यापेक्षा मोठा टब घ्या, पन्नास लिटर पाण्याला दीडशे ग्रॅम मीठ विरघळवून, एअर पंप लावून, जास्त लाल झालेल्या दोन कोई आठवडाभर त्यात ठेवा आणि रोज निम्मं पाणी त्याच प्रमाणाच्या मिठाच्या पाण्याने बदला. हळद-चुन्याबद्दल तुम्ही विचारलंत, शेततळ्यात माशांना फोड आले की चुना-हळद मारतात हे खरं आहे, पण तिथे पाणी अफाट असतं. टबात चुना टाकला तर पाण्याचा सामू एकदम चढतो आणि मासे तडफडतात, ते अजिबात करू नका. जखमेवर कापसासारखं पांढरं काही धरलं, किंवा जखम खोल होत मांस दिसायला लागलं, तर ते इन्फेक्शन आहे, मग मिठावर वेळ घालवू नका, माशांचं कळणाऱ्या पशुवैद्यकाला किंवा मत्स्य महाविद्यालयात फोटो दाखवा. आपल्याकडे नागपूर, उदगीर आणि रत्नागिरीजवळ शिरगावला अशी कॉलेजं आहेत, मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे.

खाली कातडी शाबूत असेल तर खवले परत येतात, सुरुवातीला कधी रंगाने फिकट असतात. काल काकांचा मेसेज आलाय, सकर काढून अठरा दिवस झाले, नवीन एकही जखम नाही आणि मोठ्या कोईच्या डागाची कडा आत सरकायला लागलीय. नातीला व्हिडिओ कॉलवर दाखवलं म्हणतात.

प्रश्न : ताई, आमचं घर कुडाळजवळ, परसात चिऱ्याचं छोटं तळं केलंय, आतून गिलावा केलेला नाही, फक्त खाली प्लास्टिकचा कागद आहे. पावसाळा सुरू झाला की दरवर्षी गोल्डफिशच्या शेपट्या फाटतात, कात्रीने कापल्यासारख्या, आणि पावसाळा संपला की आपोआप थांबतं. पाणी बदलून बघितलं, औषध घालून बघितलं. बुरशी असेल का?

उत्तर : बुरशी कात्रीसारखं कापत नाही, शेपटी सडायला लागली तर कडा पांढरट, झिरझिरीत होतात आणि हळूहळू मागे सरकतात. तुमच्याकडे सरळ तुकडा गेलाय, आणि तोही फक्त पावसात. तुमच्या चिऱ्यांच्या मधल्या फटीत हात घालण्याआधी काठी घालून बघा, मला जवळजवळ खात्री आहे की आत कुर्ल्या आहेत. पहिल्या पावसात त्या व्हाळातून, शेतातून वर येतात आणि ओल्या चिऱ्यातल्या फटी म्हणजे त्यांच्यासाठी तयार घर. रात्री गोल्डफिश तळाशी पडलेली असते, लांब शेपटी पसरलेली, कुर्ली फटीतून डेंगा बाहेर काढते आणि जे हाताला येईल ते धरते. मासा हिसका मारून सुटतो पण तुकडा जातो.

रात्री एका डब्यात सुक्या बांगड्याचा तुकडा घालून डबा काठाशी पाण्यात आडवा ठेवा, सकाळी हळूच उचला. सापडलेल्या कुर्ल्या परत व्हाळावर नेऊन सोडा, लांब, नाहीतर दोन दिवसांत परत येतात. फटी सिमेंटने बुजवणं हाच कायमचा उपाय, आणि ते काम मे महिन्यात करा. नवीन सिमेंटमधून चुना पाण्यात उतरतो म्हणून फटी बुजवल्यावर तळं दोन-तीनदा भरून, दोन-तीन दिवस ठेवून, रिकामं करा आणि मगच मासे सोडा. शेपट्यांची काळजी करू नका, मुळाशी जखम नसेल तर शेपटी महिना-दोन महिन्यांत परत वाढते.

प्रश्न : नाशिकमधून लिहितेय. आमच्या सोसायटीच्या गार्डनमध्ये कारंज्याचा हौद आहे त्यात शुबंकिन आणि गोल्डफिश आहेत. काही माशांच्या अंगातून हिरवट पांढरा दोरा बाहेर आलाय, अर्धा-पाऊण इंच, बुडाशी लाल झालंय. वॉचमन म्हणतो मुलं काहीतरी टोचतात. मुलांवर उगाच आळ नको म्हणून विचारतेय.

उत्तर : तुम्ही विचारलंत ते फार बरं केलंत, मुलांचा यात काही दोष नाही. तो दोरा म्हणजे जिवंत परजीवी आहे, अँकर वर्म म्हणतात, मत्स्यशेतीवाले लर्निया म्हणतात. नावात वर्म असलं तरी तो जंत नाही, झिंग्या-खेकड्यांच्या जातकुळीतला प्राणी आहे. मादी माशाच्या अंगात डोकं रुतवून बसते, ते डोकं आत नांगरासारखं फाकतं म्हणून ते नाव. बाहेर जे लोंबतं ते तिचं धड, आणि टोकाला वाय सारखं दिसतं त्या तिच्या अंड्यांच्या पिशव्या असतात. भिंग घेऊन बघा, स्पष्ट दिसेल.

मासा ओल्या फडक्यात हळुवार धरून, कातडीला टेकवून चिमटा लावून, एका रेषेत सावकाश ओढायचा, अर्धवट तुटलं तर डोकं आत राहतं आणि तिथे पू होतो. जागेवर कापसाने बीटाडीन टेकवा, कल्ल्यांना लागू देऊ नका, आणि मासा परत पाण्यात, सगळं मिनिटभरात उरकायचं. पण नुसतं उपटून भागत नाही कारण पिल्लं पाण्यात पोहत असतात, डोळ्यांना दिसत नाहीत, आणि आपल्याकडच्या गरम पाण्यात तीनेक आठवड्यांत पुढची पिढी तयार होते. म्हणून हौदाला औषधही करावं लागेल, ते एकदा करून नाही तर आठवड्याच्या अंतराने तीन-चार वेळा, आणि कोणतं किती ते हौदाचं माप सांगून जाणकारालाच विचारा, शेतीची कीटकनाशकं अंदाजाने ओतणारे लोक मी बघितलेत आणि सकाळी सगळा हौद पालथा पडलेला असतो. कारंज्याचं पाणी कुत्री, पक्षी पितात तेही लक्षात घ्या.

एक विचारा सोसायटीत, गेल्या दोन महिन्यांत कोणी नवीन मासे आणून सोडले का. बहुतेक वेळा हा त्यांच्याबरोबरच येतो. नवीन मासा आधी तीन-चार आठवडे वेगळ्या टबात ठेवायचा, मग हौदात. आणि वॉचमन काकांना तो दोरा भिंगातून दाखवा, म्हणजे मुलांना ओरडणं बंद होईल.

प्रश्न : कर्जतला फार्महाऊसवर तळं आहे. मासे जखमी नाहीत पण कमी होताहेत, तीस होते ते आता बारा. काठावर खवले नाहीत, रक्त नाही, काही नाही. परवा माळ्याला तळ्यात साप दिसला, पिवळसर, अंगावर काळ्या चौकड्या. तो विषारी आहे का आणि मारायचा का?

उत्तर : मारायचा नाही. तुम्ही सांगता तसा दिसणारा आणि पाण्यात राहणारा साप म्हणजे बहुतेक दिवड, विरोळा पण म्हणतात, बिनविषारी आहे. चिडका आहे, हात घातलात तर चावेल आणि रक्त येईल, पण विष नाही. त्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षण आहे. फक्त दुसरा एखादा साप दिवड समजून कोणी हाताळू नये म्हणून लांबून फोटो काढून सर्पमित्राला दाखवा, पकडायचा झाला तर तोच पकडेल. मासा तो अख्खा गिळतो, म्हणून खवला पण सापडत नाही.

पण अठरा मासे एकट्या दिवडाने नेले असं धरून चालू नका. कर्जतच्या बाजूला रातबगळे पण असतात, अंधार पडल्यावर येतात आणि उजाडायच्या आत जातात, माळ्याला ते कधी दिसणार नाहीत. वर साताऱ्याच्या काकांना सांगितलेली रांगोळी पसरा, बगळा आला असेल तर पाऊल उमटेल, साप गेला असेल तर नागमोडी पट्टा. तळ्याच्या एका बाजूला दोन फूट खोल पाण्यात फुटभर व्यासाचे सिमेंटचे पाईप आडवे टाका, मासे बगळ्यापासून त्यात लपतात. दिवडासाठी काठाचे दगड-विटांचे ढीग आणि वाढलेलं गवत काढा, त्याला लपायला जागा राहिली नाही की तो ओढ्याकडे जातो. कमळाच्या पानांवर बेडूक बसत असतील तर त्यांना राहू द्या, दिवडाला ते पण लागतात आणि डास पण कमी होतात.